खंडांची वाटणी निसर्गाने केली की माणसाने? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, त्यामुळे उत्तरही ऐसपैस देतो. 'खंडं ही माणसाने केलेली वाटणी आहे' या माझ्या वाक्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. एक, खंडं निसर्गानेच वेगळी केली आहेत आणि भूपट्टांच्या, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्यांच्या, शास्त्राने ते सिद्ध झालं आहे. दोन, असल्या लेखनाने विद्यार्थ्यांचा गोंधळ उडतो. तीन, सगळंच मानीव असेल तर नकाशाची पुस्तकं रद्दीत घालायची का? तिसऱ्यातला टोमणा आवडला, पण खरा मतभेद पहिल्या मुद्द्यात आहे.

भूपट्टांचा दाखला द्यायचा तर तो पुरता द्यायला हवा. युरोप आणि आशिया यांना वेगवेगळे भूपट्ट नाहीतच. दोघांचा बराचसा भाग एकाच युरेशियन भूपट्टावर आहे. दोघांमधली हद्द मानला जाणारा रशियातला उरल पर्वत ही दोन प्राचीन भूभागांची सांधलेली जागा आहे हे खरं, पण ती टक्कर कोट्यवधी वर्षांपूर्वीच थांबली. उलट भारतीय भूपट्ट आजही उत्तरेला रेटा देतो आहे, अरबी भूपट्टही स्वतंत्र आहे, आणि तरी भारताला किंवा अरबस्तानाला कुणी खंड म्हणत नाही. सायबेरियाचा अतिपूर्वेकडचा तुकडा उत्तर अमेरिकी भूपट्टावर बसलेला आहे. आइसलँडच्या तर पोटातून दोन भूपट्टांची शीव जाते, पण अख्खं बेट आपण बिनदिक्कत युरोपात धरतो. म्हणजे भूपट्टांच्या साक्षीने सात खंडं सिद्ध करायला गेलो, तर साक्षीदारच उलटतो.

आता उरलचंच बघा. प्राचीन ग्रीकांच्या लेखी तो सीमेवर नव्हताच. कुणी आजच्या जॉर्जियातली रिओनी नदी हद्द मानत, तर कुणी डॉन नदी. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातच कुरकुर करून ठेवली आहे, की जमीन एक असताना तिला युरोप, आशिया आणि लिबिया (म्हणजे आफ्रिका) अशी तीन नावं का, आणि तीही बायकांची का, हे काही समजत नाही. तरी पुढे शतकानुशतकं डॉनच चालली. अडचण अशी, की डॉनच्या उगमाच्या उत्तरेला रेघ कुठून न्यायची हे नदी सांगत नाही. मग 1709 च्या पोल्टाव्हाच्या लढाईत रशियाच्या हाती लागलेला स्ट्रालेनबर्ग हा स्वीडिश अधिकारी बरीच वर्षं सायबेरियात युद्धकैदी म्हणून राहिला आणि 1730 मध्ये त्याने आपल्या ग्रंथात हद्द उरलवर आणली. ही कल्पना मूळ आपली, असा दावा रशियन विद्वान तातिश्चेव्हने केला. श्रेय कुणाचंही असो, युरोपीय सत्ता म्हणून मिरवू पाहणाऱ्या रशियाला ती सोयीची होती. पर्वत होता तिथेच राहिला. खंड मात्र शेकडो किलोमीटर पूर्वेला सरकलं.

आणि दक्षिणेकडे तर ही हद्द अजूनही एकमताने ठरलेली नाही. कॉकेशस पर्वताच्या मुख्य जलविभाजकावरून, म्हणजे पाणी दोन बाजूंना वाटणाऱ्या माथ्यावरून, रेघ नेली तर 5,642 मीटर उंचीचा एल्ब्रुस पर्वत तिच्या किंचित उत्तरेला, म्हणजे युरोपात पडतो. तीच रेघ आणखी उत्तरेच्या कुमा-मानिच सखल पट्ट्यातून नेली तर एल्ब्रुस आशियात जातो आणि युरोपातलं सर्वोच्च शिखर म्हणून आल्प्समधल्या माँ ब्लाँचं नाव घ्यावं लागतं, जे त्याच्याहून आठशेहून जास्त मीटरनं बुटकं आहे. सातही खंडांतली सर्वोच्च शिखरं सर करणाऱ्या गिर्यारोहकांना हे चांगलंच ठाऊक असतं. त्यांच्यात तर दोन याद्या आहेत. अमेरिकी गिर्यारोहक डिक बास यांनी 1985 मध्ये सात शिखरं पुरी केली तेव्हा त्यांत ऑस्ट्रेलियाचं कोसियुस्को होतं, 2,228 मीटरचं, ज्यावर चालत जाता येतं. दुसऱ्या यादीत ऑस्ट्रेलियाऐवजी ओशनिया धरतात आणि मग न्यू गिनी बेटावरचं 4,884 मीटरचं कार्स्टेन्झ पिरॅमिड येतं, जिथे खडकावर दोर लावून चढावं लागतं. व्याख्या बदलली की घाम बदलतो!

निसर्ग कुठेच रेघ ओढत नाही, असं मात्र मी म्हटलेलं नाही. ओढतो, फक्त आपल्या नकाशाला विचारून ओढत नाही. 1856 मध्ये निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड वॉलेस आजच्या इंडोनेशियातल्या बाली बेटाहून शेजारच्या लोंबोक बेटाला गेले. मधली सामुद्रधुनी अशी, की एका किनाऱ्यावरून दुसरा दिसावा. पण बालीवर सुतार पक्षी, तांबटाचे भाऊबंद, म्हणजे आशियाई पक्षी. आणि लोंबोकवर पाय ठेवला तर काकाकुवे, ऑस्ट्रेलियाच्या बाजूचे. कारण पाण्याखाली आहे. हिमयुगात समुद्राची पातळी साधारण 120 मीटरने खाली गेली तेव्हा बाली जावामार्गे आशियाच्या भूमीला जोडलं गेलं. लोंबोकची सामुद्रधुनी त्याहून खूप खोल, ती तेव्हाही पाण्याने भरलेलीच राहिली. ही रेघ काल्पनिक म्हणायची माझी हिंमत नाही. पण ती एकाच देशाच्या दोन बेटांमधून जाते, कोणत्याही खंडाच्या शालेय सीमेशी तिचा संबंध नाही, आणि वनस्पतींचा हिशेब मांडला तर ती बरीच पुसट होते. फिलिपिन्सच्या बाजूला तर जीवशास्त्रज्ञ हक्सलीने 1868 मध्येच ती वेगळ्या जागी नेली. माझं म्हणणं एवढंच आहे: रेघ कशासाठी हवी, पक्ष्यांसाठी, खडकांसाठी की कारभारासाठी, हे ठरल्याशिवाय ती खरी की खोटी हा वादच उभा राहत नाही.

म्हणून नकाशे रद्दीत घालू नका. मानीव रेघांचेही परिणाम खरे असतात, कधी कधी नको तितके खरे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहा विभागांत भारत आग्नेय आशियात आणि पाकिस्तान पूर्व भूमध्य विभागात आहे. उत्तर कोरिया भारताबरोबर आग्नेय आशियात, तर त्याला खेटून असलेला दक्षिण कोरिया पश्चिम प्रशांत विभागात! याला भूगोल म्हणणं कठीण आहे, पण विभागीय कार्यालय, बैठका, कार्यक्रम सगळं त्यानुसार चालतं. 2025 मध्ये इंडोनेशियाने आपला विभाग बदलून घेतला, आग्नेय आशिया सोडून पश्चिम प्रशांत; बेटं जागची हलली नाहीत. सायप्रस संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीत पश्चिम आशियात आहे आणि 2004 पासून युरोपीय संघाचा सदस्य आहे. ऑस्ट्रेलियाचा फुटबॉल संघ 2006 पासून आशियात खेळतो. तेव्हा ओशनियाला विश्वचषकात थेट जागा नव्हती, शेवटी दुसऱ्या खंडातल्या तगड्या संघाशी झुंजून आत जावं लागायचं. त्यांनी सरळ खंड बदललं.

राहिला विद्यार्थ्यांचा गोंधळ. लॅटिन अमेरिकेतली मुलं उत्तर आणि दक्षिण अमेरिका मिळून एकच खंड शिकतात, रशियात युरेशिया एक धरायची पद्धत आहे, आणि ऑलिंपिकच्या ध्वजावर कडी पाचच आहेत. हे सांगितल्याने कुणाचा अभ्यास बुडेल असं मला वाटत नाही. परीक्षेत मुलांनी 'सात' हेच लिहावं, पुस्तकात तेच आहे आणि गुण त्यालाच मिळतात. फक्त युरोपातलं सर्वांत उंच शिखर कोणतं, हा प्रश्न कधी काढलात, तर एल्ब्रुस आणि माँ ब्लाँ दोन्ही उत्तरांना गुण द्या.