‘एक सोलापूरकर’ यांच्या प्रतिक्रियेस उत्तर

महोदय,

चिकुनगुन्या आणि झिका या डासांमुळे पसरणाऱ्या रोगांच्या जगभरच्या प्रसारावरील माझ्या लेखावर आपण तीन आक्षेप घेतलेत: झिकाचे साल चुकले, पाणी चार दिवसांआड येते त्याविषयी लेखात अक्षर नाही, आणि ‘सोलापुरात विमाने उतरतात किती? उगाच आफ्रिका-ब्राझील करून लोकांना घाबरवू नका.’ साल चुकले, हे मान्य. युगांडातील झिका जंगलातल्या माकडात तो विषाणू १९४७ मध्ये सापडला, १९५७ मध्ये नव्हे.

‘उगाच’ हा शब्द मात्र मला लागला. रोग येण्यासाठी विमान आपल्याच गावात उतरावे लागते, असे आपणांस कोणी सांगितले? २००७ मध्ये केरळहून गेलेल्या एका प्रवाशाबरोबर चिकुनगुन्या इटलीतील रावेन्नाजवळच्या दोन लहान गावांत पोहोचला आणि दोनशेवर माणसे आजारी पडली. जुन्या टायरांच्या व्यापारातून त्या देशात शिरलेला पट्टेरी डास तेथे आधीपासूनच होता. इटली दूर वाटत असेल, तर बार्शी घ्या. तेथे १९७३ मध्ये चिकुनगुन्याची साथ आली, पुढे तीसेक वर्षे देशात त्याचे नाव फारसे ऐकू आले नाही, आणि २००५-०६ मध्ये तो परतला तेव्हा विषाणू पूर्वीच्या आशियाई वंशाचा नव्हता, तर २००४ मध्ये केनियाच्या किनाऱ्यावर आणि पाठोपाठ हिंदी महासागरातील बेटांवर पसरलेल्या आफ्रिकी वंशाचा होता. तो काय सिद्धेश्वर एक्स्प्रेसने आला?

हे मी नुसते वाचून लिहितो, असेही आपण सुचवले आहे. त्या साथीत सोलापूरच्या पूर्व भागातील आमच्या घरी माझी आई आजारी पडली. ताप चार दिवसांत उतरला, पण पुढे आठ महिने तिच्या बोटांत तेंदूचे पान मुडपत नव्हते. मांडीवरच्या सुपात कातरलेली पाने वाळून जात आणि ती कात्री धरून नुसती बसून राही. एका डॉक्टरांनी तिला संधिवाताच्या गोळ्या दिल्या. माकोंडे भाषेत ‘चिकुनगुन्या’ म्हणजे वाकवून टाकणारा, हे मला नंतर कळले. वाकलेले माणूस मी आधी पाहिले होते. आपण पाहिले आहे काय?

पाण्याचे म्हणाल, तर आमच्याही दारात निळे बॅरल आहे आणि त्याच्या आतल्या कडेला चिकटलेली डासांची अंडी कोरड्यातही महिनोन् महिने तग धरतात, हे मी जाणतो. पण तो पाणीपुरवठ्याचा विषय झाला, माझ्या लेखाचा नव्हे.

साल दुरुस्त केले आहे. ‘उगाच’ आपण मागे घ्यावे.