‘कॅन्सरचं जनुक’ तुमच्यातही आहे

‘१९९४ मध्ये शास्त्रज्ञांनी कॅन्सरचं जनुक शोधून त्याचं क्लोनिंग केलं. ज्यांच्या अंगात ते आहे त्यांना कॅन्सर होणारच, बाकीच्यांनी निश्चिंत राहावं. औषध दडवून ठेवलंय.’ हा मजकूर पुन्हा फिरतोय. त्यातलं साल तेवढं बरोबर आहे.

क्लोनिंग म्हटलं की डॉली मेंढी आठवते. इथलं काम साधं आहे: डीएनएचा तुकडा बॅक्टेरियात घालायचा, बॅक्टेरिया वाढले की तुकड्याच्याही ढीगभर प्रती मिळतात, मग त्यातली अक्षरं (ए, टी, जी, सी ही डीएनएच्या चार घटकांची नावं) वाचायची. घराण्यात चालत येणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरमागचं जनुक शोधताना अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये सतराव्या गुणसूत्रावर बोट ठेवलं होतं. तिथलं नेमकं जनुक, बीआरसीए-१, हाती यायला आणखी चार वर्षं गेली.

‘ज्यांच्या अंगात ते आहे’ म्हणजे कोण? सगळेच, पुरुषसुद्धा. तुटलेला डीएनए सांधायला हे जनुक मदत करतं. घोळ होतो तो ते बिघडलं की. आणि बिघाड केवढासा असतो बघा. एका ठिकाणी अक्षरं अशी आहेत: टीटीए जीएजी टीजीटी सीसीसी. पेशी ती तीन-तीन करून वाचते आणि दर तिनांमागे प्रथिनात एक अमिनो आम्ल जोडते. काही कुटुंबांत मधली ‘ए’ आणि ‘जी’ ही दोनच अक्षरं गळालेली असतात. मग वाचन होतं टीटीए जीटीजी टीसीसी… तिथून पुढचं सगळं सरकतं आणि लवकरच ‘थांब’ची खूण येते. १८६३ अमिनो आम्लांचं प्रथिन अडतिसाव्यालाच संपतं.

असा बिघाड वारशाने आलेल्या स्त्रियांना ऐंशीव्या वर्षापर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता साधारण ७० टक्के. आकडा भीतिदायक आहेच, पण ‘होणारच’ नव्हे. ‘निश्चिंत राहावं’ हे मात्र मला त्याहून घातक वाटतं, कारण स्तनाच्या कॅन्सरच्या दहातल्या निदान नऊ रुग्णांत असा वारसा नसतो. ते वाक्य वाचून कुणी हाताला लागलेली गाठ अंगावर काढायची!

दडवण्याबद्दल म्हणाल, तर थोडं तथ्य आहे, फक्त ते औषधाबाबत नाही. अमेरिकेत या जनुकाचं पेटंट मिरियड जेनेटिक्स या कंपनीकडे होतं आणि त्यामुळे तपासणीवर तिची मक्तेदारी होती. २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नैसर्गिक डीएनएवरचं पेटंट अमान्य केलं. पुढच्याच वर्षी तिथे ओलॅपरिब या औषधाला मंजुरी मिळाली, आधी अंडाशयाच्या कॅन्सरसाठी. बीआरसीए निकामी झालेल्या कॅन्सरपेशीची डीएनए दुरुस्तीची दुसरी वाट ते अडवतं. सगळ्यांना लागू पडत नाही, पण दडवलेलंही नाही. गेली कित्येक वर्षं डॉक्टर ते लिहून देतात.