सालदाराचं साल भरलं

गाडी बंद पडली याचं मला फारसं वाटत नाही. 1997 सालची आहे, पडणारच. राग याचा आहे की ती रसवंतीसमोर बंद पडली, आणि रसवंतीवर माणसं होती.

अखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, करून चोपड्याकडच्या सासुरवाडीहून जळगावला परतत होतो. डिकीत केळीचा अर्धा घड, बिबड्यांचा डबा, कळण्याचं पीठ, भरताची वांगी. मागच्या सीटवर सासऱ्यांनी मानानं दिलेला टॉवेल, अजून घडी न मोडलेला. अडावद मागे पडलं तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते आणि पारा 43 च्या वर होता. बायको म्हणाली, रस पिऊ. प्यायलो. पंधरा मिनिटांनी किल्ली फिरवली तर सेल्फ झकास फिरला, खर्र खर्र खर्र, आणि इंजिन गप्प. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा किल्ली फिरवायच्या आतच मागून आवाज आला, "बॅटरी उतरी गई."

आता, बॅटरी उतरली तर सेल्फ फिरत नाही. नुसतं 'टक्' होतं आणि डॅशबोर्डवरचे दिवे मलूल होतात. हे मी त्या माणसाला नीट समजावून सांगितलं. पुरावा म्हणून हॉर्न वाजवला. असा दणदणीत वाजला की सावलीतलं कुत्रं उठून दुसऱ्या सावलीत गेलं. त्यावर जीन्समधला एक तरुण शांतपणे म्हणाला, "हॉर्नले बॅटरी लागत नही." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी पुन्हा हॉर्न वाजवला. का वाजवला, मला अजूनही सांगता येणार नाही.

मग धक्का. आपल्याकडे मयताला खांदा आणि बंद गाडीला धक्का, दोन्हीला कोणी नाही म्हणत नाही. सहा जण लागले. मी दुसरा गिअर टाकून क्लच सोडला, गाडीनं एक उचकी दिली आणि थांबली. पुन्हा धक्का, पुन्हा उचकी. या दोन उचक्यांत गाडी निंबाच्या सावलीतून निघून बरोबर उन्हाच्या मध्यभागी जाऊन उभी राहिली. आणि धक्का मारणारे सहाच्या सहा जण घाम पुसत परत निंबाखाली जाऊन बसले. गाडी तिथेच. मीही तिथेच. माणुसकी आहे हो, नाही असं नाही, पण ती सावलीपर्यंतच असते.

"पेट्रोल शे का?" हा प्रश्न एकूण सात जणांनी विचारला. काटा अर्ध्यावर होता. सातव्याला मी काटा दाखवला, तर तो म्हणाला, काटे खोटं बोलतात.

बॉनेट उघडलं. पाना काढून प्लग खोलायला घेतला, बोट भाजलं, पण प्लग निघाला. बघतो तर कोरडा ठाक. म्हणजे ठिणगीचा प्रश्न पुढचा. मुळात पेट्रोलच वर पोचत नव्हतं. टाकीत आहे, इंजिनात नाही. सरकारी योजनेसारखं. एवढं निदान मी स्वतः, कोणाच्या मदतीशिवाय केलं, हे इथे नोंदवून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात माझं हे काम कोणाच्याच लक्षात राहिलं नाही. मी घोळक्याकडे वळून मोठ्यानं विचारलं, "इथे कोणी मेकॅनिक आहे का?" नव्हता.

निंबाखाली खाटेवर एक आबा पहुडले होते. पांढरी टोपी डोळ्यांवर, हातात काठी. इतका वेळ ते झोपलेत असं मला वाटत होतं. त्यांनी टोपी दोन बोटं वर सरकवली आणि काठीच्या टोकानं मला बोलावलं.

"कोन गावना?"

"जळगावचा."

"जळगाव ते आते. मूळ गाव?"

"पारोळ्याकडचं."

"पारोळ्याकडे कोन गाव?"

मी गाव सांगितलं. त्या गावातल्या पिठाच्या गिरणीवाल्याची त्यांनी चौकशी केली. मी म्हटलं, आबा, आम्ही मी लहान असतानाच गाव सोडलं. "सोडी दिन्हं," ते म्हणाले, आणि गाडीकडे बघितलं. जणू एवढ्यात सगळा उलगडा झाला.

"आठे कोनाकडे उनात?"

सासऱ्यांचं नाव सांगितलं. ते खाटेवर उठून बसले. "आरे, जवाई शेतस ह्या!" त्यांनी घोळक्याला जाहीर केलं.

तो क्षण फार वाईट होता. तोपर्यंत मी अडचणीत सापडलेला एक वाटसरू होतो. आता मी जावई झालो, आणि जावयाला हसायचा हक्क पंचक्रोशीत सगळ्यांना असतो. जीन्सवाल्या तरुणाच्या चेहऱ्यावर तो हक्क लगेच उगवलेला दिसला. बायको तिकडे रसवंतीच्या बाईशी कुठलं तरी नातं शोधून गप्पा मारत होती.

"नोकरी शे?"

"आहे."

"पक्की?"

"हो."

"पगार कितला?"

इंजिनाला हात लावला तर फोड येईल अशा उन्हात मी पगार सांगितला. थोडा वाढवूनच. आबांनी तो मनात कशाने तरी भागला आणि म्हणाले, "मंग नवी गाडी काबर लेत नही?"

याचं उत्तर मी घरी बायकोला, ऑफिसात सगळ्यांना आणि सोसायटीच्या वॉचमनलाही देऊन बसलोय. गाडी चालते म्हणून. पण सरकारलाही ते पटत नाही. 15 वर्षांपुढच्या गाडीची नोंदणी नव्यानं करायला आधी 600 रुपये पडायचे. एप्रिल 2022 पासून 5000 झाले, आणि 2025 मध्ये विशी ओलांडलेल्या गाडीला 10000. म्हणजे म्हाताऱ्या माणसाला तिकिटात सवलत आणि म्हाताऱ्या गाडीला दंड. बरं, दुरुस्त करायला न्यावी तर कार्बोरेटर खोलणारे हात उरले नाहीत. गेल्या वर्षी एका गॅरेजातल्या मुलानं हातात स्कॅनर घेऊन अर्धा तास डॅशबोर्डखाली डोकं घातलं, गाडीला वायर कुठे लावायची ते शोधत. ती जागाच या गाडीत नाही हे मी सांगितल्यावर त्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याच्याकडे बैलगाडी आणली होती. असो. आबांना मी एवढंच म्हटलं, "चालते आहे तोवर चालवू."

"पन चालतच नही ना ती," आबा म्हणाले. मग काठी गाडीकडे रोखून, एकेक शब्द तोलत, "अखाजी व्हयनी. तुमना सालदारनं साल भरी गयं."

घोळका फुटला. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, खान्देशात सालदाराचं साल अखाजी ते अखाजी धरतात. शेतावर वर्षभर राबणारा माणूस अखाजीला हिशेब घेतो. पटलं तर राहतो, नाहीतर दुसऱ्याच्या शेतावर जातो. विनोद चांगला होता, कबूल करतो. रसवंतीची बाई चरकाचं चाक सोडून हसली. बायकोही हसली, आणि ती जरा जास्तच हसली.

हसणं ओसरल्यावर आबा परत आडवे झाले, टोपी डोळ्यांवर ओढली, आणि टोपीखालून म्हणाले, "तीस लागनी शे तिले. पंपावर वलं फडकं टाका." तीस म्हणजे तहान, वलं म्हणजे ओलं.

ते उठले नाहीत. दहा पावलांवरून, खाटेवर पडल्या पडल्या काठीनं दाखवत राहिले. रसवंतीचा पोऱ्या बॉनेटमध्ये वाकला. हा का? नही. हा? त्याना बाजूले, वाटीसारखा. फडकं शोधायला मी डिकीकडे वळलो, तेवढ्यात बायकोनं मागच्या सीटवरचा नवा टॉवेल त्याच्या हातात दिलाही. पोऱ्यानं तो बर्फाच्या पेटीत, भुशाच्या गढूळ पाण्यात बुचकळला आणि पंपाभोवती गुंडाळला. छस्स् झालं. वाफ आली. पांढऱ्या टॉवेलवर ग्रीसचा काळा डाग सावकाश पसरत गेला.

गंमत अशी की हे मला माहीत असायला हवं होतं. या जुन्या गाड्यांत पेट्रोल खेचणारा पंप इंजिनालाच चिकटलेला असतो. गाडी धावत असताना वारा आणि पेट्रोलचा ओघ त्याला गार ठेवतात. उभी केली की इंजिनाची सगळी धग त्याच्यावर चढते, पेट्रोल पंपात आणि नळीतच उकळतं, आणि पंप पेट्रोलऐवजी वाफ चोखत बसतो. नव्या गाड्यांचा पंप टाकीतच बुडालेला, पेट्रोल दाबाखाली. त्यांना ही तहान लागत नाही. म्हणजे मी पंधरा मिनिटं रस पीत बसलो, तेवढ्यात बिचारीचा घसा सुकला.

"धा मिंट बसा," आबा म्हणाले. बसलो. जवळच उनपदेवला गरम पाण्याचा झरा आहे, लोक लांबून बघायला येतात. मला त्या दहा मिनिटांत राहून राहून वाटत होतं की निसर्गाला गरम पाणी द्यायला हाच तालुका सापडला? इथे मे महिन्यात नळाला वेगळं काय येतं?

प्लग परत बसवला. किल्ली फिरवली. खर्र, खर्र, आणि चालू. घोळक्यानं टाळ्या वाजवल्या, त्या खाटेकडे बघून.

मी खाटेजवळ गेलो. "आबा, तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं?"

"वीस वरीस पेट्रोलनी जीप चालाडी मी."

"मग पाऊण तास सांगितलं का नाही?"

"तुम्ही इचारं कोठे? तुम्ही तं हॉर्न वाजाडी राहिंतात."

"मी विचारलं की! मेकॅनिक आहे का, म्हणून मोठ्यानं विचारलं."

"मी कोठे मेकॅनिक शे?"

याला काय म्हणणार? त्यांनी पैसे घेतले नाहीत. रस घेतला. धक्का मारणाऱ्या सहा जणांनी घेतला, हॉर्नवाल्या तरुणानं घेतला, आणि काटे खोटं बोलतात म्हणणाऱ्यानं दोन ग्लास घेतले. बिनबर्फाचा, कारण बर्फाचं पाणी गाडीनं संपवलं होतं. पैसे मी दिले.

विदगावच्या अलीकडे, तापीच्या पुलावर असतानाच सासूबाईंचा फोन आला. बायकोनं स्पीकर लावला. "काय हो जावईबापू, सालदाराचं साल भरलं म्हणे?" मागे सासऱ्यांचं हसणं ऐकू येत होतं. आमच्या गाडीपेक्षा आबांचा विनोद वेगानं पोचला होता, आणि वाटेत कुठे बंदही पडला नव्हता.

टॉवेल दोनदा धुतला. डाग जात नाही. बायकोनं तो घडी करून डिकीत ठेवलाय, पाण्याच्या बाटलीशेजारी. काल म्हणत होती, आता निघतानाच ओला करून घेऊ या का.