लॉन्सडेलाइटबद्दल फिरणाऱ्या मेसेजचा खुलासा

सोलापुरातल्या पालकांच्या ग्रुपवर सध्या लॉन्सडेलाइट या खनिजाबद्दल एक मेसेज फिरतोय: ‘कॅथलीन लॉन्सडेल यांनी उल्केत लॉन्सडेलाइट शोधलं आणि त्यासाठी त्यांना नोबेल मिळालं.’ माझ्या वर्गातल्या मुलीने तो जसाच्या तसा चार्टपेपरवर उतरवून आणला, निळ्या स्केचपेनने, हिऱ्याच्या चित्रासकट. म्हणून हे लिहिते आहे.

लॉन्सडेलबाईंना नोबेल मिळालेलं नाही. त्या स्फटिकशास्त्रज्ञ होत्या. बेंझीन या रसायनाच्या रेणूतलं कार्बन अणूंचं कडं सपाट असतं हे त्यांनी 1929 मध्ये क्ष-किरणांनी दाखवून दिलं. 1945 मध्ये रॉयल सोसायटी या ब्रिटनमधल्या विज्ञानसंस्थेने पहिल्यांदा स्त्रियांना फेलो केलं, त्या दोघींपैकी त्या एक. एवढं मोठं काम असताना खोटं बक्षीस कशाला चिकटवायचं?

ते खनिजही त्यांनी शोधलेलं नाही, त्यांच्या सन्मानार्थ त्याला नाव दिलं गेलं. हिऱ्यासारखाच कार्बन, पण अणूंची मांडणी षटकोनी. अ‍ॅरिझोनातल्या कॅन्यन डायब्लो उल्केतून त्याचं वर्णन 1967 मध्ये क्लिफर्ड फ्राँडेल आणि उर्सुला मार्विन यांनी केलं. मेसेजमधून गळालेली खनिजतज्ज्ञ स्त्री म्हणजे याच उर्सुला मार्विन! मार्विनबाई पुढे उल्का वेचायला थेट अंटार्क्टिकाच्या बर्फावर गेल्या. 4309 क्रमांकाच्या लघुग्रहाला त्यांचं नाव आहे.

चार्ट फाडलेला नाही. खाली जागा होती, तिथे तिने मार्विनबाईंचं नाव लिहिलं. मेसेज पुढे पाठवला असेल, तर हेही त्याच ग्रुपवर टाका.