शेरूची हजामत आणि अव्याचा पुरावा

शेरूचं काय झालं ते आता अख्ख्या कोथरूडला माहीत आहे, त्यामुळे थोडक्यात सांगतो: अव्याने आपल्या कुत्र्याला केस कापायला कुत्र्यांच्या पार्लरमध्ये सोडलं आणि तिथल्या मुलीने त्याचा पार चकोट करून हातात दिला. व्हिडिओ तुमच्याही सोसायटीच्या ग्रुपवर आला असेलच. अव्या काउंटरवर हात आपटतोय आणि मागे त्याचा शिह त्झू, सोललेल्या रताळ्यासारखा, शांतपणे स्वतःची शेपूट हुंगतोय. शनिवारी नळ स्टॉपजवळच्या आमच्या कट्ट्यावर दुसरा विषय निघणं शक्यच नव्हतं.

अव्या नेहमीप्रमाणे चाळीस मिनिटं उशिरा उगवला. हातात साडीच्या दुकानाची कापडी पिशवी.

"यात काय? वहिनींची समजूत काढायला शालू?" पम्याने विचारलं.

"पुरावा," अव्या म्हणाला. "शेरूचे सगळे केस मागून घेतलेत. ग्राहक मंचात जाणार."

शुभी कटिंगचा ग्लास दोन्ही हातांत धरून बसली होती. तिने पिशवीकडे पाहिलं आणि काही बोलली नाही. शुभी सात वर्षं कुत्र्यांचे केस कापते, आता स्वतःची व्हॅन आहे. आधी ती एका सीएकडे होती. "तिथेही चावायचेच," म्हणते, "फक्त त्यावर लस नव्हती." आता ती कुणाच्या बाजूने बोलणार हे उघड होतं. मी कुणाच्या बाजूने लिहितोय हेही तुम्हाला कळेलच, लपवत नाही.

"मी फोटो दाखवला होता," अव्या सुरू झाला. "टेडी बेअर कट. गोल तोंड, गोल पाय. आणि हातात काय दिलं? उंदीर!"

"शिह त्झू म्हणजे चिनीत सिंह ना रे?" पम्या. "सिंहाचा उंदीर केला म्हण."

"फोटो दाखवून काय होतं?" शुभी म्हणाली. "तूही सलूनमध्ये हिरोचे फोटो दाखवतोस. त्याने काय दिलं तुला?"

अव्याचा हात नकळत कपाळावर गेला. गेल्या दिवाळीपासून त्याचं पुढचं अंगण बरंच मोकळं झालंय.

एवढ्यात नाना आले. नाना बँकेतून रिटायर झालेत आणि कुठल्याही विषयात त्यांच्या वाड्याची विहीर येते. "आमचा मोती," ते टेकता टेकता म्हणाले, "चौदा वर्षं जगला. विहिरीवर न्यायचा, कपड्याच्या साबणाची वडी फिरवायची, दोन बादल्या ओतायच्या. अपॉइंटमेंट म्हणे! उद्या कुत्र्याला पत्रिका बघून न्याल."

"नाना, तुमचा मोती गावठी होता," शुभी म्हणाली. "त्याचे केस ठरावीक लांबीला आपोआप थांबतात आणि गळतात. शिह त्झूचे थांबत नाहीत. तुमच्याआमच्या डोक्यासारखे वाढत राहतात." मग अव्याकडे बघून, "काहींचा अपवाद."

"अगं पण मी ब्रश करतो! रोज!" अव्या कळवळला.

"वरून करतोस. सगळे वरून करतात. वरचे केस रेशमासारखे आणि खाली कातडीला लागून जटा. केसांचे भाग पाडून मुळापासून ब्रश करायचा, आणि शेवटी स्टीलचा कंगवा घालायचा. कंगवा कातडीपासून टोकापर्यंत न अडकता आला तर झालं. कानामागे, बगलेत आणि पट्ट्याखाली तर हमखास अडकतो. आणि आणायच्या आदल्या दिवशी तू काय केलंस?"

"आंघोळ घातली. स्वच्छ न्यावा म्हणून."

"गुंत्यावर पाणी घातलंस. गुंता न सोडवता भिजवला की वाळताना आवळतो. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात टाक, कळेल."

"मग कात्रीने सोडवायच्या होत्या जटा. पैसे कशाचे घेतात?"

"अव्या, जट कातडीला ओढून धरते. कातडी त्या गुंत्यात वर येते. तिथे कात्री घातली की केसाबरोबर कातडी. म्हणून मशिनला दहा नंबरचं ब्लेड लावतात, मागे दीड मिलिमीटर केस राहतात. दिसतं भयंकर, पण त्याला दुखत नाही. तास न् तास ओढत बसलं तर तुझा टेडी बेअर झालाही असता, आणि पुढच्या वेळी कंगवा पाहूनच चावला असता."

मी मध्ये म्हणालो की निदान मालकाला विचारायला हवं होतं. कुत्रा त्याचा आहे.

"बरोबर," शुभी म्हणाली. मला जरा बरं वाटलं. "विचारायलाच हवं. आणि त्या पार्लरवाल्या मुलीने विचारलं. तीन फोन केले. दुसरा तू उचललास, अव्या. काय म्हणालास?"

"मी कॉलवर होतो."

"काय म्हणालास?"

अव्याने चहाचा घोट घेतला. ग्लास रिकामा होता.

"म्हणालास, 'डू द नीडफुल'."

पम्या कट्ट्यावरून घसरला. हिंजवडीची वीस वर्षं एका वाक्यात, वगैरे. यापुढे पंधरा मिनिटं काहीही झालं की कुणीतरी "डू द नीडफुल" म्हणत होतं. चहावाल्यालासुद्धा तसंच सांगण्यात आलं, आणि त्याने चार कटिंग आणून ठेवले.

मंद्या मात्र हसत नव्हता. त्याच्याकडे गोल्डन रिट्रीव्हर कुत्री आहे. "शुभी, तुझी जमात धुतल्या तांदळासारखी नाही हां," तो म्हणाला. "गेल्या वर्षी आमच्या बाईसाहेबांना घरी आणलं. किचनच्या पांढऱ्या फरशीवर लाल ठिपके, ओट्यापासून बाल्कनीपर्यंत. नख खोल कापलं होतं. परत देताना तोंड उघडलं नाही. वर कपाळाला टिकली लावून, गळ्यात रुमाल बांधून फोटो टाकला, मला न विचारता."

शुभीने मान हलवली. "नखं काळी असली की आतली नस दिसत नाही. थोडं थोडं कापत जायचं, तरी चुकतं. माझंही चुकलंय. पण चुकलं की त्याच क्षणी रक्त थांबवायची पावडर दाबायची आणि मालक आला की पहिलं वाक्य ते. रुमालाआधी. घरी परत आलं तर कॉर्नफ्लॉर दाबून धरा, हे सांगायचं. न सांगणारा माझ्यालेखी चोर."

"आणि त्यांनीच एप्रिलमध्ये तिचा चकोट करा म्हणून सांगितलं होतं. उन्हाळा आहे, गार वाटेल म्हणे."

"गोल्डनचा?" शुभी पहिल्यांदा चिडली. "तिला दोन थर असतात, आत लव आणि वर लांब केस. ते उन्हापासून राखतात. एकदा साफ उडवले की पुन्हा तसेच येतील याची खात्री नाही. कुणी सांगितलं हे? नाव नको. मला माहितीये कोण ते."

मला वाटतं, इथेच चर्चा संपायला हरकत नव्हती. पण शुभीची नजर माझ्याकडे वळली. "आणि तू! काचेबाहेर उभा राहून 'बाळा, बाबा इथेच आहे हं' करतोस. तुझा कुत्रा आत उड्या मारतो. माझ्या कात्रीचं टोक तेव्हा त्याच्या डोळ्यापासून बोटभर असतं. सोडायचं आणि जायचं. जाण्याआधी एकदा शू-शी करवून आणायचं. आणि चावत असेल तर चावतो म्हणायचं."

"तो चावत नाही," मी म्हणालो.

"हेच. मला पहिला चावा बसला तेव्हा त्या कुत्र्याच्या मालकीणबाईही म्हणाल्या, 'अय्या, आजवर कधी नाही हो!' मग कळलं, डॉक्टरांकडे तो मुसकं घालूनच जातो. मग मला रेबीजची लस: दिवस शून्य, ३, ७, १४, २८. पाच दिवस, पाच इंजेक्शनं. दंडावर. मुसकं हवं हे आधी सांगितलं असतं तर कुत्र्याचा अपमान होणार होता का? रेबीजच्या लसीचं कार्ड मागितलं की लोकांना वाटतं मी किडनी मागतेय."

"आम्हीही देऊ," पम्या म्हणाला, "पण अव्या आधी सिंहगडाचे २८० देईल तर." २०१९ची पिठलं-भाकरी. अव्या म्हणतो दिले, पम्या म्हणतो नाही. या विषयावर आजवर जितकं बोलणं झालंय तितक्या वेळात गड तीनदा चढून झाला असता.

"तिचेही पूर्ण दिले नाहीत त्याने," शुभी थंडपणे म्हणाली. "चाळीस मिनिटं उशिरा गेला. जटा काढायला दोन तास जादा लागले. ब्लेड तापतं, मध्ये थांबावं लागतं. आणि हा म्हणाला, केस कमी झाले तर पैसेही कमी."

"लॉजिक आहे," नाना म्हणाले. नानांचं हे तेवढं एकच वाक्य कुणी मनावर घेतलं नाही.

अव्याने मग शेवटचा पत्ता काढला. "बघाच तुम्ही," म्हणत पिशवी कट्ट्यावर उलटी केली.

मला वाटलं होतं केसांचे पुंजके पडतील. पडली एक घोंगडी. अखंड. पाठ, दोन्ही बगला, मानेपर्यंत, सगळं एका तुकड्यात. वरून पांढरं-तपकिरी, मऊ. शुभीने ती उलटी केली. आतली बाजू नमद्यासारखी घट्ट, बोट घुसेना. त्यात वेताळ टेकडीवरची कुसळं रांगेने रुतलेली. एका कोपऱ्यात वाळलेली गोचीड. आणि मानेच्या जागी, पट्ट्याखाली दाबलेला, गुलाबी-सोनेरी काहीतरी गुंता.

शुभीने नखाने तो जरा मोकळा केला. एक चमकी पडली.

"अव्या, ही राखी आहे."

कुणी बोललं नाही.

"तुझ्या सईने बांधली असेल. नारळी पौर्णिमेला. आज कोणता महिना?"

"मार्गशीर्ष," नाना म्हणाले. पंचांग त्यांना तोंडपाठ.

"रोज ब्रश," पम्या हळूच म्हणाला, आणि मग जे सुटलं ते सुटलं. मंद्याच्या नाकातून चहा आला. अव्या आधी रागावला, मग "सई ती राखी घरभर शोधत होती रे" असं म्हणाला आणि स्वतःच डोळे पुसायला लागला. मंचाचं काय, कुणी विचारलं नाही. शुभीने राखी कागदात बांधून त्याच्या खिशात घातली आणि तिथल्या तिथे त्या मुलीचे उरलेले पैसे त्याला मोबाईलवरून पाठवायला लावले. पम्या म्हणाला, मीही रांगेत आहे.

थंडी वाढली तसे उठलो. गाडीपर्यंत पोचतो न पोचतो तोच मागून चहावाला धावत आला. हातात ती घोंगडी, नीट घडी घालून.

"साहेब," अव्याच्या डोक्याकडे बघत तो म्हणाला, "कानटोपी राहिली तुमची."