तुम्ही एकट्याच ना?

गेल्या शनिवारी लंडनमध्ये उघड्या डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर बसून मी सूर्यास्त पाहणार होते. तिकीट मुलाने काढलं, पौंडाला रुपयाने गुणायचं नाही अशी शपथ घातली आणि ऐनवेळी ‘आई, माझा एक कॉल आहे गं’ म्हणून स्वतः घरीच बसला. मी वेळेच्या बरीच आधी जाऊन रांगेत उभी राहिले आणि उजव्या हाताची, कठड्याला लागून असलेली जागा पटकावली. उजवीच का, तर टॉवर ब्रिजवर बस उत्तरेकडून दक्षिणेकडे जाते, म्हणजे मावळतीची बाजू उजवीकडे येते. हे मी आदल्या रात्री नकाशा आडवातिडवा फिरवून शोधून काढलं होतं. ती जागा माझ्याकडे शेवटपर्यंत राहिली. जागेला कोणी हात लावला नाही, बाकी सगळं गेलं.

आधी बसवाल्यांबद्दलची तक्रार सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल. जूनअखेरीस लंडनचा सूर्य रात्री सव्वानऊच्या पुढे मावळतो. ही ‘सनसेट टूर’ सुटते साडेसातला आणि नऊला आपल्याला खाली उतरवते. सूर्यास्ताचे पैसे घ्यायचे आणि सूर्य मावळायच्या आत प्रवासी वाटेला लावायचे, याला आमच्या ठाण्यात वेगळं नाव आहे. डिसेंबरात म्हणे तो चारच्या आतच मावळतो, म्हणजे तेव्हाही हे चुकवत असणार. मी गाईडला विचारलं. तो तिशीचा, आनंदी मुलगा. म्हणाला, ‘मॅडम, सनसेट हा एक मूड आहे.’ मूडसाठी एवढे पैसे मी कधीच दिले नसते. मूड घरी फुकट येतो, बहुतेक वेळा वाईटच.

बस ट्रफाल्गर चौकातून नदीकाठच्या रस्त्याला लागली. तिथे प्लेन नावाची जुनी, ऐसपैस झाडं आहेत आणि त्यांच्या फांद्या बरोबर वरच्या मजल्याच्या उंचीवर लोंबतात. गाईड ओरडला, पुढचे वाकले, त्यांच्या मागचे वाकले. माझं लक्ष नदीकडे होतं. एक फांदी सपकन कपाळावर बसली आणि तोंडातून ‘अगं आई गं!’ निघालं.

‘मराठी का, ताई?’

मागच्या रांगेतून एक डोकं पुढे आलं. त्यावर माकडटोपी, टोपीवर गॉगल. हे नाना. रावेरचे, केळीवाले. एका ग्रुप टूरबरोबर आलेले, आणि बाकीचा ग्रुप पनीर खायला गेला म्हणून हे दोघं नवरा-बायको या बसमध्ये. काकू मात्र त्यांच्याशेजारी नव्हत्या. चार रांगा मागे, अगदी दुसऱ्या टोकाला बसून त्या पर्समधले शेंगदाणे खात होत्या. त्यांनी तसं का केलं होतं ते मला वेस्टमिन्स्टर येईपर्यंत कळलं नाही.

‘तुम्ही एकट्याच ना?’ नानांनी विचारलं.

इथे जरा थांबते. हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आले आहे आणि त्याच्यामागून काय येतं ते मला पाठ आहे. कोकणकन्येत, रात्री अकराला: तुम्ही एकट्याच ना, मग तुम्ही वरच्या बर्थवर जा, आमचं कुटुंब एकत्र झोपेल. लग्नाच्या पंगतीत: एकट्याच ना, मग जरा त्या टोकाला सरका. एसटी स्टँडवर: एकट्याच ना, मग या चार पिशव्यांकडे लक्ष ठेवा, आलोच. एकदा तर नाशिकच्या स्टँडवर एक बाई माझ्या मांडीवर मूल ठेवून गेली आणि गाडी सुटायच्या बेतात परत आली, हातात वडापाव घेऊन. एकटा पुरुष बसलेला दिसला की लोकांना वाटतं विचारात आहे, आणि एकटी बाई दिसली की वाटतं रिकामी आहे. साठी जवळ आली तरी ‘हो, एकटीच, आणि मला तसंच राहायचंय’ हे उत्तर ओठांपर्यंत येतं आणि तिथून परत जातं. बाहेर पडतं ते, ‘हो, बोला ना.’

‘हो, बोला ना,’ मी म्हटलं.

नानांच्या फोनची बॅटरी चार टक्क्यांवर आली होती. तिकडे रावेरला त्यांचे थोरले बंधू आप्पा व्हिडिओ कॉलची वाट पाहत होते. ‘आप्पांना सूर्यास्त दाखवतो म्हणून शब्द दिलाय, ताई. तुमचं नेट चालू आहे ना?’ मी हो म्हणायच्या आत त्यांनी नंबर सांगायला सुरुवात केली होती. नंबर मीच दाबला. हे सगळं माझ्या हातांनी झालं, याचा मला अजून राग येतो.

लंडनमध्ये आठ वाजले होते, म्हणजे रावेरला रात्रीचा साडेबारा. फोनवर आधी पूर्ण काळोख दिसला, मग एका बॅटरीचा झोत आणि त्या झोतात केळीची पानं.

‘कोण भो हे?’ आप्पांनी विचारलं. त्यांना माझी हनुवटी दिसत असावी.

‘ताई आहेत, ठाण्याच्या,’ नाना माझ्या खांद्यावरून म्हणाले. ‘एकट्याच आहेत.’

‘बरं बरं. ताई, फोन जरा वर धरा, मले काही दिसू नाही राहिलं.’

आप्पा माझ्यासाठी किंवा सूर्यासाठी जागे नव्हते. त्या आठवड्यात शेतीच्या लाईटीची रात्रपाळी होती, तीन फेज रात्रीच यायची. पावसाचा पत्ता नाही आणि केळी पाण्यावर आलेली, त्यामुळे ते शेतात बसून ठिबकचे व्हॉल्व्ह फिरवत होते. पाळीच्या मध्ये वेळ मोकळा. त्या मोकळ्या वेळेत लंडन. मला हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रारीचा सूरसुद्धा नव्हता, आणि त्यामुळे फोन ठेवून देणं आणखीच अवघड झालं.

पुढचा पाऊण तास मी लंडन पाहिलं नाही, आप्पांना दाखवलं. हात कठड्याबाहेर, वारं तोंडावर, ओढणी शेजारच्या जर्मन गृहस्थांच्या चष्म्यावर. गाईड इंग्रजीत बोलतोय, मी ते ओरडून मराठीत सांगतेय, आणि रावेरहून सूचना येताहेत. बिग बेन आलं. गाईड म्हणाला, या घड्याळाच्या लंबकावर जुनी पेनीची नाणी ठेवलेली असतात. एक नाणं वाढवलं की घड्याळ दिवसाला ०.४ सेकंद पुढे धावतं, काढलं की मागे पडतं, वेळ अशीच जुळवतात. हे मला स्वतःलाच इतकं आवडलं की क्षणभर मी सगळं विसरले.

‘किती नाणी आहेत?’ आप्पांनी विचारलं.

‘ते नाही सांगितलं त्याने.’

‘मग विचारा ना.’

मी चालत्या बसमध्ये, उघड्या मजल्यावर, एका हातात फोन धरून गाईडला हाक मारली. त्याला वाटलं मला पुन्हा सूर्यास्ताबद्दल बोलायचं आहे. तो जिन्याने खाली निघून गेला.

वेस्टमिन्स्टर ब्रिजवर आप्पांनी नदी मागितली. मी फोन खाली वळवला. ओहोटी होती, काठाचा चिखल उघडा पडलेला.

‘पाणी काही खास नाही,’ आप्पा म्हणाले. ‘वर कोणतं धरण आहे?’

मी त्यांना सांगितलं की धरणाचा प्रश्न नाही, समुद्राची भरती इथवर येते. पाणी सात मीटरपर्यंत चढतं-उतरतं आणि भरतीला नदीचा प्रवाह उलटा फिरतो.

पलीकडे बराच वेळ नुसत्या पाण्याच्या सूं-सूंचा आवाज आला.

‘उलटी? नदी?’

‘हो.’

‘ताई, मी तापीकाठी जन्मलो. सत्तर वर्षं नदी पाहतोय. नदी उलटी नाही जात. तुम्हांले कोणी सांगितलं?’

‘इथे सगळ्यांना माहीत आहे, आप्पा.’

‘मग दाखवा उलटी जाताना.’

ती त्या क्षणी जात नव्हती. भरतीला अवकाश होता. हे मी त्यांना दोनदा समजावलं, पण त्यांच्या ‘हं’मध्ये मला खोटारडी ठरवल्याचं स्पष्ट ऐकू आलं. एक अनोळखी माणूस रात्री पाऊण वाजता, पाच-सात हजार किलोमीटरवरून, माझ्याच नेटवर माझ्यावर अविश्वास दाखवत होता. आणि नाना? ज्यांचा भाऊ, ज्यांचा शब्द, ते नाना दोन्ही हात मोकळे सोडून मजेत उभे होते. फोन नाही, पिशवी नाही, काही नाही. डोळे भरून लंडन बघत होते. त्या बसमध्ये शहर कोणी नीट पाहिलं असेल तर ते नानांनी.

मी मागे वळून काकूंकडे जरा आशेने पाहिलं. त्यांनी शेंगदाणे पुढे केले आणि म्हणाल्या, ‘म्हणूनच मी माझा फोन हॉटेलवर ठेवते.’

फ्लीट स्ट्रीट, सेंट पॉल, मॉन्युमेंट हे सगळं गेलं. मला त्यातलं आठवतं ते आप्पांचं ‘जरा डावीकडे घ्या’. लंडनच्या ज्या जुन्या व्यापारी भागाला सिटी म्हणतात, तिथली ती पोटात वाकलेली काचेची इमारत आली, जिला वॉकी-टॉकी म्हणतात. २०१३ साली तिच्या काचांवरून परावर्तित झालेल्या उन्हाने खाली उभ्या असलेल्या एका महागड्या गाडीचे भाग वितळले होते. हे ऐकून आप्पा हळहळले, पण गाडीसाठी नाही. ‘एवढं ऊन वाया घालवलं? आम्ही इकडं सोलर पंपाचा अर्ज करून बसलोय.’

मग टॉवर ब्रिज. बस पुलाच्या तोंडाशी पोचली आणि लाल दिवा लागला, घंटा वाजली, फाटक पडलं. खालून एक उंच डोलकाठीचं जुनं शिडाचं जहाज येत होतं आणि त्याच्यासाठी पूल उघडणार होता. हा पूल १८९४ पासून असाच उघडतो, वर्षाला साधारण ८०० वेळा. जहाजवाल्यांनी एक दिवस आधी कळवायचं, पैसे पडत नाहीत आणि मान जहाजाचा, रस्त्यावरच्यांनी थांबायचं. आम्ही थांबलो. गाईड परत वर आला, आणि त्याने १९५२ च्या डिसेंबरातली गोष्ट सांगितली. ७८ नंबरची डबलडेकर पुलावर असतानाच पूल उचलला जायला लागला. ड्रायव्हर अल्बर्ट गंटर यांनी ब्रेक न लावता वेग वाढवला, आणि भरल्या बसने फट ओलांडून पलीकडे उडी मारली. सगळे वाचले. बक्षीस मिळालं दहा पौंड.

‘दहाच?’ आप्पा खवळले. ‘वीस-पंचवीस जीव वाचवले त्यानं. माणशी आठ आणे पण नाही पडले.’

हिशेब चुकीचा होता, पण रागाबद्दल आमचं त्या संध्याकाळी प्रथमच एकमत झालं.

आणि तेव्हा ते दृश्य सुरू झालं. माझ्या उजव्या हाताला, मी नकाशावर काढलेल्या जागी, सूर्य सिटीच्या इमारतींच्या मागे उतरायला लागला. नदीवर तांबूस पट्टा. समोर पुलाचे दोन्ही पंख हळूहळू उभे राहताहेत, मधून ते जहाज सरकतंय. अख्खा मजला उठून उभा राहिला. मीही राहिले, उजवा हात लांब करून, आप्पांच्या बाजूने. मला दिसत होता फोनच्या पडद्यावरचा चार इंची सूर्य आणि त्याच्या कोपऱ्यात आप्पांचं कपाळ.

‘हे उचलतात कशावर?’ कपाळाने विचारलं.

‘पूर्वी वाफेवर होतं. आता तेलाच्या दाबावर, विजेवर.’

‘लाईटीवर? मग मधीच लाईट गेली तर?’

मी उत्तराला तोंड उघडलं आणि पडदा काळा झाला. ‘गेली!’ एवढंच ऐकू आलं. मोटरचा आवाज बसला, आणि दोन सेकंदांत कॉलही गेला. लाईटीबरोबर मोबाईलचा टॉवरही जातो, हे मला ठाण्यात बसूनसुद्धा माहीत आहे.

नानांना नव्हतं.

‘कट केला का हो?’

‘मी नाही. त्यांच्याकडची लाईट गेली.’

‘तुमचं बोट लागलं असेल.’

‘नाना, लाईट गेली.’

‘असू द्या, असू द्या,’ ते म्हणाले. त्या ‘असू द्या’मध्ये मोठ्या मनाचा इतका साठा होता की मला थेम्समध्ये उडी मारावीशी वाटली. ‘ऐन सूर्यास्तालाच कट झाला. आप्पा बिचारा रात्रभर जागा.’ मग मागे वळून चार रांगांपलीकडे काकूंना मोठ्याने: ‘त्या ताईंकडून कट झाला गं!’ जर्मन गृहस्थांना मराठी येत नसावं, पण त्यांनीही माझ्याकडे खेदाने पाहिलं.

मी पुन्हा लावून पाहिलं. लागला नाही. मान वर केली तोपर्यंत पूल खाली आला होता, बस सुटली होती, आणि सूर्य त्या वाकलेल्या इमारतीमागे कुठेतरी होता. मावळला नव्हता. मावळायला अजून अर्धा तास होता, तो बहुधा मी सोडून बाकीच्या लंडनसाठी राखीव होता. नऊला बसने आम्हांला उतरवलं. गाईडने टोपी पुढे केली. नानांनी एक नाणं टाकलं आणि माझ्याकडे बोट दाखवून त्याला म्हणाले, ‘शी कट.’

घरी आल्यावर मुलाने विचारलं, कसा होता सूर्यास्त? मी त्याला डेटाचा हिशेब दाखवला. तो म्हणाला, तू नाही का म्हणाली नाहीस? हे बोलणारा मुलगा स्वतः एकटा कॉफी पितो तेव्हा त्याच्याकडे कोणी बाळ देत नाही.

रात्री अडीचला फोन वाजला. भारतातला नंबर, भारतात सकाळचे सात. मी घाबरून उचलला.

‘ताई, झोपल्या नव्हत्या ना?’ आप्पा होते. ‘तो पूल बसला का खाली नीट?’

‘बसला.’

‘मध्ये लाईट नाही गेली?’

‘नाही गेली.’

‘आमची अजून नाही आली,’ ते म्हणाले. ‘बरं, आता तिकडं भरती लागली असेल ना? जरा नदीवर जाऊन या आणि उलटी वाहत असेल तर लगेच फोन लावा, मी जागाच आहे.’