तिकडं स्वस्त असंल की, मामा

भाच्याचा सोलापूरहून फोन. प्लेस्टेशन ५ वरचा 'स्पायडर-मॅन २' हा गेम पाहिजे. "मामा, हितं पाच हजार म्हणतेत. तिकडं स्वस्त असंल की!"

२०२३ मध्ये हा गेम आला तेव्हा भारतात ४,९९९ रुपयांना होता, इथं जर्मनीत ७९.९९ युरोला, म्हणजे सात हजारांच्या वर. हे सांगितल्यावर ताई म्हणाली, "मग आपल्याकडंच स्वस्त." तेव्हापासून घरच्या ग्रुपवर दोन तट पडलेत: कंपन्या लुटतात आणि पोरांचे लाड फार झाले.

रुपयांचे युरो करत बसण्यात अर्थ नाही. इथं २०२६ ची किमान मजुरी तासाला १३.९० युरो, म्हणजे तो गेम सहा तासांत सुटतो. माझा चुलतभाऊ साखर पेठेत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. त्याचे आठ-दहा दिवस जातील.

ओरड बाहेरच्या देशांतही आहेच. अमेरिकेत मोठ्या नव्या गेमला २०२० पर्यंत ६० डॉलर पडायचे, मग ७० झाले, २०२५ मध्ये 'मारिओ कार्ट वर्ल्ड' ८० ला आला. मायक्रोसॉफ्टनंही 'द आउटर वर्ल्ड्स २' ला ८० जाहीर केले होते; लोकांनी बोंब मारली, जुलैत ७० वर आले. कंपन्यांचा खर्च खोटा नाही. फुटलेल्या कागदपत्रांनुसार एकट्या 'स्पायडर-मॅन २' ला सुमारे ३० कोटी डॉलर लागले.

पण खरं सांगू? मी नवा गेम घेतच नाही. कुणी खेळून टाकलेली डिस्क पंचवीस युरोला घेतो, संपली की वीसला विकतो. कधी सार्वजनिक ग्रंथालयातून आणतो, पुस्तकासारखी. यात जर्मनीचं कौतुक काय? नव्वदच्या दशकात आमच्या गल्लीत हेच चालायचं. गड्ड्याच्या जत्रेला मिळालेले पैसे पाच जणांत घालून '९९९९ इन १' ची कॅसेट घ्यायची (गेम तेच सात-आठ, नावं वेगळी), फुंकर मारायची, महिनाभरानं पलीकडच्या गल्लीशी बदलायची. एका कॅसेटवर वीस पोरं. डाउनलोड केलेला गेम ना विकता येतो ना शेजाऱ्याला देता येतो, आणि माझ्या मते खरी महागाई ती. ग्रुपवर त्यावर कुणीच बोलत नाही.

म्हणून भाच्याला म्हटलं, वापरलेली डिस्क पाठवतो.

"मामा, माझ्या प्लेस्टेशनला डिस्कची खाचच न्हाई. ती नसलेला दहा हजारानं स्वस्त हुता म्हणून पप्पांनी हाच आणला."